थकव्याची कैफियत

चार वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेची गोष्ट. धाकट्या बहिणीने ओवाळले, की तिला बाजारपेठेत कासाराच्या दुकानी न्यायचे आणि तिच्या पसंतीच्या हिरव्या बांगड्या भरून द्यायच्या, हा आमच्या घरचा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ. आणि त्या वर्षीही, मेहकरच्या बाजारातली दिवाळीची अखेरची गर्दी ओसरत असताना, आम्ही दोघे त्या ओळखीच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसलो. कासारीण वयस्कर, वीस वर्षे माझ्या बहिणीचा हात तिच्या हाताखालून गेलेला. तिने नेहमीच्या मापाचा जोड काढला, बहिणीची बोटे जुळवून अंगठ्याच्या मुळाशी दाब दिला, आणि बांगडी पेरांपाशीच अडली. त्यावरचे माप काढले, तेही अडले. मग तिने तो हात उताणा करून आपल्या मांडीवर ठेवला, मनगटाच्या वर अंगठा रोवून पाहिला, तर खळगा पडेना. कातडी चिमटीत धरून पाहिली, तर ती भुशासारखी कोरडी. "बाई, हात भरला नाही तुमचा, हात सुजला," ती म्हणाली. "मागच्या साली दोन-सहा चढत होती, आता दोन-दहा लागते. डॉक्टरले दाखवा."

डॉक्टरला दाखवून तोवर दीड वर्ष झाले होते, आणि एकाला नव्हे, चौघांना. त्या दीड वर्षात माझ्या बहिणीचा हात इतक्या लक्षपूर्वक हातात घेऊन पाहणारी पहिली व्यक्ती ती कासारीण होती.

मी तीस वर्षे तहसील कचेरीत काढली आणि त्यांतली पुष्कळशी बारनिशीच्या टेबलाशी गेली. अर्ज आला, की त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, आवक क्रमांक घालायचा, नोंदवहीत चढवायचा आणि ज्या टेबलाचा असेल त्या टेबलाकडे तो रवाना करायचा. अर्जातली तक्रार खरी की खोटी, हे ठरविण्याचा अधिकार बारनिशीला नसतो, परंतु आलेला अर्ज आलाच नाही असे मात्र पुढे कोणालाही म्हणता येत नाही. बहिणीच्या दुखण्याचा विचार करू लागलो तेव्हा हीच गोष्ट माझ्या मनाला पुनःपुन्हा बोचत राहिली, की सासरी, माहेरी, दवाखान्यात, प्रत्येक दारी तिने आपली तक्रार नेली आणि एकाही दारी तिला आवक क्रमांक मिळाला नाही.

तिचे सासर मेहकरपासून दोन कोसांवर, पैनगंगेच्या काठचे, घर सोयाबीन-तुरीचे. वय तेव्हा सेहेचाळीस. तिचे शब्द मला तोंडपाठ आहेत, कारण ते कधी बदलले नाहीत: "काही होत नाही दादा, अंग जड पडते निस्तं." पहाटे पाचाला उठणारी बाई सातपर्यंत अंथरुणातून निघेना, आणि निघाली की उठल्यापासूनच थकलेली. चैत्राच्या उकाड्यात, घरची माणसे अंगणात बाजा टाकून झोपत असताना, ही आत गोधडी पांघरून. केस विंचरताना फणीला गुंता यायचा तो मुठीएवढा. आणि आवाज! एकादशीच्या हरिपाठात बायकांच्या पंगतीत तिचा आवाज सर्वांच्या वर जायचा. तो हळूहळू असा घोगरा झाला, की पुण्यात शिकणाऱ्या तिच्या मुलाने एकदा फोनवर तिलाच आपला काका समजून बोलायला सुरुवात केली. ती हसली नाही. फोन ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिली, असे तिची जाऊ मला सांगत होती.

पहिल्या दवाखान्यात 'अशक्तपणा' ठरला आणि दोन सलाईन लागल्या. आमच्या भागात सलाईन हा उपचार कमी आणि समाधान अधिक. बाटलीतले पाणी थेंबाथेंबाने उतरताना दिसते, पैसे कशाचे दिले ते डोळ्यांना कळते. दुसरीकडे रक्त कमी निघाले, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तिसरीकडे सांधे दुखतात म्हणून कॅल्शियम, आणि वजन वाढले म्हणून 'भात बंद करा, रोज चालत जा' असा सल्ला, तोही रोज शेतात जाऊन येणाऱ्या बाईला. चौथ्या ठिकाणी पाळीचा रक्तस्राव फार होतो या तक्रारीवर असे सांगण्यात आले, की आता पाळी जायचे वय झाले, गर्भपिशवी काढून टाका म्हणजे एकदाचा त्रास संपेल. प्रत्येकाने दुखण्याचा एकेक तुकडा पाहिला आणि त्या तुकड्यापुरती चिठ्ठी लिहिली. घरात सासूबाईंनी त्याला कामाचा कंटाळा म्हटले. शेजारणीने 'बाहेरचं असेल' म्हणून एक काळा दोरा आणून तिच्या गळ्यात बांधला. ज्या ग्रंथीचे हे सारे दुखणे, ती ग्रंथी त्या दोऱ्याच्या नेमकी खाली होती.

हे लिहिताना त्या डॉक्टरांवर फिर्याद करावी असा माझा हेतू नाही. सकाळच्या एका प्रहरात शंभरावर रोगी पाहणाऱ्याला एका बाईचे गाऱ्हाणे किती ऐकू येणार, हे मी जाणतो. पण थकवा ही तक्रारच अशी आहे, की ती मांडणाऱ्याची पत पाहून ऐकली जाते. पुरुष कमावता असून अंथरुणाला खिळला, तर घर हालते. बाई थकली, तर ते तिचे बाईपण समजले जाते. आपल्या घरांतून थकलेली स्त्री इतकी नित्याची झाली आहे, की तिच्यात एखादी खरोखर आजारी असेल हे ओळखण्याची नजरच आपण गमावून बसलो.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची जी लहानशी ग्रंथी असते तिला आपल्याकडे शास्त्रीय परिभाषेत अवटू ग्रंथी आणि व्यवहारात थायरॉईड म्हणतात. शरीराच्या सर्व व्यापारांची गती ती राखते: हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगाची ऊब, कातडीचा ओलावा, पाळीचे चक्र, विचाराचा वेग. तिचा स्राव उणा पडला म्हणजे माणूस एखाद्या अवयवाने आजारी पडत नाही, सगळाच मंदावतो. आणि म्हणूनच अवयवांगणिक वाटून घेतलेल्या वैद्यकाच्या हाती तो लवकर लागत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी या आळसावलेल्या ग्रंथीला अधिकाधिक मोठ्याने हाका मारू लागते. त्या हाकेचे माप म्हणजे टीएसएच. ते साधारणपणे चार-साडेचारच्या आत असावे. हाक जितकी मोठी, तितकी ग्रंथी मंद, असा हा उलटा हिशेब आहे, आणि 'आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढलं' असे समजून घाबरलेली माणसे मला अजून भेटतात.

या रोगाचा पहिला नीट वृत्तांत लंडनच्या विल्यम गल या वैद्याने १८७३ साली वाचला, आणि तो प्रौढ स्त्रियांचाच होता: फुगलेला चेहरा, जड जीभ, मंद बोलणे, पूर्वी चपळ असलेली बुद्धी संथ झालेली. पुढे लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने एक समिती नेमली, तिने शंभरावर रुग्णांची हकीकत जमा केली आणि आपला प्रदीर्घ अहवाल १८८८ साली छापला. गावचा माणूस म्हणून हे साल वाचताना मी थबकलो, कारण आमच्या मेहकरात शारंगधर बालाजीची ती भव्य श्यामल मूर्ती जमिनीतून वर आली तेही १८८८ सालीच. मंडळी शेकडो वर्षे त्या मातीवरून चालत होती आणि खाली काय आहे याची कोणाला वार्ता नव्हती.

उपचारही फार लांबला नाही. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण वैद्याने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून तो सेहेचाळीस वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती स्त्री त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली आणि १९१९ साली वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. तिच्यासाठी तेवढ्या काळात आठशे सत्तरांवर मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेनेच लिहून ठेवला आहे. सेहेचाळीस हेच माझ्या बहिणीचेही तेव्हाचे वय, म्हणून ती अज्ञात विलायती बाई मला परकी वाटत नाही. १९१४च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडलने थायरॉक्सिन वेगळे काढले, १९२७पर्यंत ते इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनविता आले, आणि आज तेच द्रव्य सूक्ष्म गोळीच्या रूपाने मेहकरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात, दिवसाला काही रुपयांत मिळते. म्हणजे या रोगापुढे वैद्यक हतबल होते असे म्हणण्याची सोय आमच्या पिढीला नाही, आमच्या आजांच्या पिढीलाही नव्हती.

तपासणीची गोष्ट तर अगदी आपल्या मुंबईची आहे. रक्तातले हे अत्यल्प स्राव मोजण्याची किरणोत्सारी पद्धत यॅलो आणि बर्सन यांनी अमेरिकेत १९६०च्या सुमारास सिद्ध केली, त्याबद्दल यॅलोबाईंना पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि भारतात ही विद्या रुजविण्यात, १९६३ साली परळला स्थापन झालेल्या, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा वाटा फार मोठा आहे. तिथे काम केलेले एक शास्त्रज्ञ, ए. वेलुमणी, नोकरी सोडून बाहेर पडले आणि १९९६ साली त्यांनी मुंबईत थायरोकेअर ही प्रयोगशाळा काढली. गावोगावचे नमुने रात्रीतून एका ठिकाणी आणायचे, मोठ्या यंत्रांवर एकदम तपासायचे आणि दर खाली आणायचा, ही त्यांची युक्ती. तिचे अनुकरण इतरांनी केले, आणि जी तपासणी एके काळी परळच्या फेरीशिवाय होत नसे तिच्यासाठी आता मेहकरच्या बसस्थानकाजवळही रक्त घेतले जाते.

गोळी आहे, तपासणी आहे. अडते ते या दोहोंच्या आधी, 'हिची एकदा थायरॉईड पाहू' हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघण्यापाशी.

२०१३ साली भारतातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत सुमारे अकरा टक्के माणसांत ही ग्रंथी मंद आढळली, आणि स्त्रियांत प्रमाण अधिक. ज्यांना रोग होता आणि पत्ताच नव्हता अशी शंभरात तीन-साडेतीन माणसे निघाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, गोवा अशी ती आठ ठिकाणे; डॉक्टरांची जिथे वाण नाही तिथला हा हिशेब. अबुल फझलच्या 'ऐन-ई-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातली जी सरकारे नोंदली आहेत त्यांत मेहकर हे एक सरकार होते; आज त्याच मेहकरच्या माणसाला अंतःस्रावी ग्रंथींचा तज्ज्ञ गाठायचा, तर एसटीने अकोला किंवा संभाजीनगरची वाट धरावी लागते, कारण रेल्वे आमच्या गावाला अजून आलेली नाही. अकोल्याचे सर्वोपचार आणि संभाजीनगरची घाटी, ही दोन सरकारी रुग्णालयांची नावे आमच्याकडे गावांच्या नावांसारखीच उच्चारली जातात. एका फेरीला पूर्ण दिवस, बरोबरच्या माणसाची मजुरी बुडालेली. आणि मात्रा ठरेपर्यंत दर सहा-आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचे.

सरकारी व्यवस्थेत या रोगाचे टेबल कोणते, हे मी कारकुनाच्या चिकाटीने शोधून पाहिले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांची. रोज घरी एक गोळी घेणारी बाई दाखल कुठे होणार? गावोगाव असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीची मोहीम चालते, आशाताई घरी येऊन रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांबद्दल विचारतात, आणि ते काम मोलाचे आहे. पण त्या फॉर्मवर थायरॉईडचा रकाना नाही. गरोदर स्त्रियांपैकी ज्यांना धोका अधिक त्यांची तपासणी व्हावी अशी मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१४ साली काढली. म्हणजे पोटात मूल असेपर्यंत बाईला एक टेबल आहे. ते जन्मले, की तिचा कागद पुन्हा बेवारस.

एका बाबतीत मात्र सरकारने काम तडीस नेले, आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड हटतो हे सिद्ध केले, १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, आणि आज किराणा दुकानातल्या पुडीवर आयोडीनयुक्त असल्याचा शिक्का नसेल तर ते मीठ खाण्यासाठी विकता येत नाही. आमच्या जवळच लोणारचे खारे सरोवर आणि जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णेचा खारपाणपट्टा. 'आमच्याकडे एवढा खार, आम्हाला आयोडीन कशाला कमी पडेल' असे सांगणारे म्हातारे मला भेटले आहेत. खार वेगळा, आयोडीन वेगळे, हे त्यांना पटवणे सोपे नाही. पण मिठाने बहुतेक गलगंड गेला, तरी हा रोग त्याबरोबर गेला नाही, कारण आता आढळणाऱ्या रोग्यांपैकी पुष्कळांत दोष मिठाचा नसून शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक शक्तीचा असतो. ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. जपानच्या हाशिमोटोने १९१२ साली तो प्रकार प्रथम वर्णिला.

आणि अर्भकांचे काय? ज्या बालकाची ही ग्रंथी जन्मतःच निकामी असते त्याला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते चारचौघांसारखे वाढते. काही महिने निघून गेले तर बुद्धीची जी हानी होते ती पुढे कशानेही भरून येत नाही. आपल्या देशात हजार-बाराशे जन्मांमागे असे एक मूल, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री अभ्यासाचा अंदाज आहे. मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी १९८०च्या दशकातच नवजातांच्या तपासणीचा पाया घातला, गोव्याने २००८ साली ती सरकारी पातळीवर सुरू करून दाखविली. आणि तरीही महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची टाच टोचून रक्ताचा तो एक थेंब घेतला जाईलच, असे अद्याप म्हणता येत नाही. बहिणीचा दीड-दोन वर्षांचा विलंब भरून निघाला; त्या बाळाचा निघत नाही. या एका गोष्टीचा मला मनापासून संताप येतो.

इकडे बहिणीची गर्भपिशवी काढण्याची तारीख ठरली होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, त्या बातम्या माझ्या वाचनात होत्या. म्हणूनच असेल, पण मी मेव्हण्यांना म्हणालो, की आठ दिवस थांबा. त्या रात्री मी फुलस्केप कागद घेतला आणि बहिणीला समोर बसवून, कचेरीत जबाब लिहितात तशी, तिची कैफियत लिहून काढली. थंडी केव्हापासून वाजते: मागल्या साली मृगाच्या आधीपासून. आवाज केव्हा बसला: आषाढीच्या हरिपाठात. वजन किती, केव्हा. पाळी किती दिवस. शौचास किती दिवसांनी. बांगडीचे माप: दोन-सहावरून दोन-दहा. एक पान भरले. तो कागद घेऊन आम्ही अकोल्याला एका फिजिशियनांकडे गेलो. त्यांनी तो पुरता वाचला, बांगडीच्या ओळीवर क्षणभर थांबले, बहिणीला म्हणाले, "बाई, जरा बोला बरं, काहीही बोला," आणि ती दोन वाक्ये बोलते न बोलते तोच तपासणीची चिठ्ठी लिहू लागले. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. टीएसएच शंभराच्या वर. यंत्राने त्यापुढे मोजलेच नव्हते.

निदान झाले म्हणजे सुटलो, हा माझा समज चुकीचा ठरला. गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. पण आमच्याकडच्या घरात उठल्याबरोबर चुलीवर पहिले आधण चहाचे पडते, आणि सगळ्यांना देऊन आपण तासभर थांबायचे हे रोज कोणाला साधते? लोह आणि कॅल्शियम या गोळीला आतड्यात अडवून धरतात, त्यांत चार तासांचे अंतर हवे. बहिणीजवळ त्या दोन्हींचा जुना साठा होता, आणि ती तिन्ही गोळ्या एका मुठीत घेऊन मोकळी होत असे. चतुर्थी-एकादशीला ती गोळी घेतच नव्हती, उपवास मोडेल म्हणून; महिन्याचे चार दिवस असे गेले. बाटली तिने चुलीवरच्या फळीवर ठेवलेली, पत्र्याखाली, वैशाखात. आणि हे औषध उष्ण, दमट जागी निर्बल होते. यांतले एकही तिला कोणी सांगितले नव्हते. सहा आठवड्यांनी आकडा पाहिजे तसा उतरला नाही, तेव्हा आम्ही एकेक गोष्ट शोधून काढली. बाटली देवघराच्या कोनाड्यात गेली, दुपारच्या जेवणानंतर लोह, आणि उपवासाबद्दल गावच्या कीर्तनकारबुवांनीच निकाल दिला, की औषधाने उपवास मोडत नाही. त्यांच्या शब्दाला माझ्या शब्दापेक्षा वजन होते, ते चांगलेच झाले.

तिसऱ्या तपासणीत आकडा सहावर आला. तेव्हा शेजारणींनी 'आता नॉर्मलला आलं, बंद कर' असा धोशा लावला, तो आणखी एक अडथळा. पाळीचा त्रास आटोक्यात आला. शस्त्रक्रियेचा विषय पुन्हा निघाला नाही. आवाज सर्वांत शेवटी परतला. परवाच्या कार्तिकी एकादशीला मी मुद्दाम हरिपाठाला जाऊन मागे बसलो होतो.

त्या कागदाची वार्ता मात्र माझ्या नकळत पसरली. प्रथम बहिणीची जाऊ आली, मग तिच्या माहेरची एक मुलगी, लग्नाला सहा वर्षे होऊन मूल नसलेली. आता महिन्यातून दोघी-तिघी येतात आणि ओसरीवर बसतात. सगळ्यांची थायरॉईड निघत नाही. पुष्कळींचे रक्तच कमी असते, दोघींना साखर निघाली, काहींना काहीच निघाले नाही आणि त्यांचा थकवा त्यांच्याजवळच राहिला. मी वैद्य नाही, औषध सांगत नाही. मी फक्त तारखा विचारतो आणि लिहितो. कागदाच्या डोक्यावर मी क्रमांक घालतो. आजचा एकेचाळीस. समोर बसलेली बाई डोणगावकडची आहे, पदराने तोंड पुसते आहे, आणि कोठून सुरुवात करावी ते तिला कळत नाही. मी तिला विचारले, की बाई, तुमच्या बांगडीचे माप बदलले का. तिने हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "बदललं ना भाऊ. पण थे तं मले कोणी इचारलंच नाही."